सुभेदार पीत नव्हते

माझ्या घरमालकांशी माझी ओळख झाली ती त्यांच्या तोंडाचा वास घेऊन. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मला जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती. नवरा सांगलीला नोकरीत. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचा. शाहूपुरीत एका निवृत्त सुभेदारांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे असं कळलं, म्हणून मी बघायला गेले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला पत्ता विचारला. त्यानं अंगठा तोंडाशी नेऊन वर केला, हसला आणि म्हणाला, "ते होय? जा, पण बोलणं सकाळीच उरकून घ्या."

फाटक उघडलं ते उंच, सडपातळ, पन्नाशीही न गाठलेल्या माणसानं. पांढरा सदरा, कडक इस्त्रीची पँट, नीट कातरलेल्या मिशा. एका हातानं फाटकाचा गज घट्ट धरलेला.

"कोपऱ्यावरनं इचारत आलासा न्हवं?"

"हो."

"मग त्यानं काय सांगितलं त्ये मला ठावं हाय." आवाज जड होता, शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडत होते. त्यांनी गज सोडला, एक पाऊल पुढं टाकलं, डुगडुगले, सावरले आणि तोंड माझ्यापुढं आणून म्हणाले, "घ्या. वास घ्या."

मी मागं सरले.

"भिताय कशापायी? तुमी शिकलेल्या हाय. आधी तपास, मग निकाल. घ्या वास."

मी घेतला. चहाचा आणि लवंगेचा वास होता. दुसरं काही नाही.

"काय आला?"

"लवंग."

"लवंगच. आता वर जाऊन खोल्या बघा."

खोल्या मला आवडल्या आणि खरं सांगायचं तर तो माणूसही. पाच-सहा वर्षं मी त्या घरात राहिले. त्या काळात सुभेदारांनी कुणाकुणाला वास घ्यायला लावला याला गणती नाही. पोस्टमन, गॅसवाला, देवळातले गुरव, मतदारयादी घेऊन आलेला शिक्षक. समोरच्याच्या नजरेत जरा जरी ती ओळखीची चमक दिसली की सुभेदारांचं तोंड पुढं आलंच. लोक टाळायचे, हसायचे, "अहो असू द्या, आम्ही कुठं काय म्हणालो" म्हणत सटकायचे. आणि पुढच्या वळणावर एकमेकांना अंगठा दाखवायचे. मला आजही त्या अंगठ्यांचा राग येतो. नाक सगळ्यांना होतं. वापरायचं मात्र कुणालाच नव्हतं.

या सवयीचा उगम मला बऱ्याच दिवसांनी कळला. फौजेत असताना एका परेडला त्यांचं पाऊल चुकलं. मग पुन्हा चुकलं. एका साहेबानं सगळ्या तुकडीसमोर त्यांना तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला. काही आला नाही. "साहेब म्हनला, वास येत न्हाई, पर चाल सांगती," सुभेदार सांगायचे. "मी म्हनलं, साब, नाक बडा के चाल बडी? त्यो फुडच्याकडं गेला. पर समद्यांनी बघितलं हुतं." नंतर त्यांनी लवकर पेन्शन घेतली आणि साताऱ्यात हे घर बांधलं.

घराच्या अंगणात व्हरांड्यापासून फाटकापर्यंत चुन्याची एक रेघ होती. दर रविवारी सकाळी सुतळी ताणून ते ती नव्यानं आखायचे आणि मग त्या रेघेवरून चालायचे. टाचेला अंगठा लावून, हात बाजूला, मान ताठ. चार-पाच पावलं बरी पडायची, मग अंग डावीकडं झुकायचं आणि पाय रेघ सोडून भलतीकडं पडायचा. ते परत व्हरांड्यात यायचे. परत सुरुवात. शेजारची पोरंसोरं, आणि लाज वाटत नसलेले काही मोठेही, भिंतीपलीकडून बघत असायचे. सुभेदारांना ते दिसायचं. ते थांबायचे नाहीत.

सुरुवातीला त्यांनी दोष बुटांना दिला. मग गुडघ्यांना. मग अंगणाला. "अंगणच तिरकं हाय, बाई." गवंडी बोलावला. त्यानं पाण्याची नळी लावून पातळी बघितली आणि म्हणाला, "साहेब, अंगण सरळ हाय." सुभेदारांनी त्याला अंगण उकरून पुन्हा करायला लावलं. नव्या अंगणावर नवी रेघ आखली. आणि पाचव्या पावलाला पुन्हा डावीकडं गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकी म्हणाल्या. काकी म्हणजे त्यांची बायको, मोजकं बोलणारी, सदा कामात असलेली बाई.

दुसरी भानगड कोट्याची. निवृत्त फौजी म्हणून त्यांना कँटीनमधून दर महिन्याला दारू स्वस्तात मिळत असे. सुभेदार ती कधीच उचलत नसत. कॉलनीतले निम्मे पुरुष त्यांच्या या न उचललेल्या बाटल्यांवर डोळा ठेवून होते. सणावाराला, पोराच्या बारशाला, बदलीच्या पार्टीला कुणी ना कुणी गोड बोलत यायचा. सुभेदारांचं उत्तर ठरलेलं. "मी पीत न्हाई, आन् दुसऱ्याला पाजत न्हाई." मागणारा फाटकाबाहेर पडायचा आणि सांगत सुटायचा, "कशाला देईल? सगळी एकटाच रिचवतो." म्हणजे बघा. ज्यांना दारू हवी होती ते शहाणे, आणि ज्यानं नाकारली तो बेवडा.

एका लग्नात मी स्वतः बघितलं. पंगतीत बसायला जाताना सुभेदारांचा पाय पाटाला लागला आणि ते एका बाईच्या ताटात पडले. यजमानाच्या दोघा भाच्यांनी त्यांना काखेत धरून मांडवाबाहेर नेलं. "साहेब, आज लग्न आहे, जरा दम धरायचा होता," असं एक जण म्हणाला, तेही चार लोकांना ऐकू जाईल असं. सुभेदार त्यांचे हात सोडवून परत आत आले, धोतर-फेट्यातल्या ज्येष्ठ मंडळींच्या रांगेपुढं गेले आणि एकेकासमोर तोंड नेऊन म्हणाले, "घ्या. तुमी घ्या. तुमीबी घ्या." कुणीच घेतला नाही. सगळ्यांनी माना फिरवल्या. आणि त्याच रांगेत दोघे असे होते की ज्यांच्या शेजारी मला पदर नाकाला लावूनच उभं राहावं लागलं होतं. ते मांडी घालून व्यवस्थित जिलबी खात होते. त्यांची चाल सरळ होती ना.

सुभेदार दारूचा एवढा तिरस्कार का करत, हे ते कुणापासून लपवत नसत. "माझा बा दारुडा हुता," असं ते सरळ सांगत. त्यांचं गाव पाटणच्या पुढं, मोरणा खोऱ्यात. लहानपणी बाप बांधावरून झोकांड्या खात यायचा, पोरं मागं लागायची, शाळेत यांना "झिंग्याचं पोरगं" म्हणायचे. शेवटी शेवटी बापाला माणसं ओळखू येईनात. तो शिव्या द्यायचा, हात उगीचच हवेत हलायचे. "मी वयात आलो आन् फौजेत पळालो. बा मेला तवा रजा काढून आलो, सगळं केलं, पर डोळ्यांतनं पाणी काढलं न्हाई. आई म्हनायची, त्यो पीत न्हाई रं. मी म्हनलं, गप बस, नवऱ्याचं झाकू नगंस." हे सांगताना त्यांचा चेहरा अजूनही कठोर व्हायचा.

मी जीवशास्त्राची. डॉक्टर नव्हे, पण चहाचा कप उचलताना त्यांची बोटं कपाच्या कानाच्या अलीकडं-पलीकडं पडतात, सही करताना अक्षर वेडंवाकडं मोठं होतं, बघताना बुबुळं हलकेच थरथरतात, हे माझ्या लक्षात येत होतं. दारू अशी सकाळी सात वाजता, चहाआधी, रोज सारखीच चढत नाही. मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं सांगलीतल्या मेंदूच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. सुभेदार तयार होईनात. "दवाखान्यात जायला मी काय आजारी हाय?" शेवटी मी म्हणाले, "तुम्हीच म्हणता ना, आधी तपास?" तेव्हा दुसऱ्या दिवशी बूट पॉलिश करून तयार झाले.

सांगलीला डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या सुभेदारांनी तोंड पुढं केलं. "आधी वास घ्या."

ते डॉक्टर तरुण होते. ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले, वाकले आणि शांतपणे वास घेतला. "काही नाही," ते म्हणाले. "बसा. आता मला चालून दाखवा."

सुभेदार त्यांच्याकडं बघतच राहिले. न हसता, न लाजता वास घेणारा त्यांना भेटलेला हा पहिला पुरुष असावा. त्यानंतर डॉक्टर सांगतील ते त्यांनी मुकाट केलं. रेघेवर चालले, डोळे मिटून उभे राहिले, बोट नाकाला लावायला गेले आणि ते गालाला लागलं. डोक्याचा स्कॅन झाला. दुपारनंतर डॉक्टरांनी आम्हा तिघांना, म्हणजे सुभेदार, काकी आणि मला, समोर बसवलं.

"तोल सांभाळणारा जो लहान मेंदू असतो, तो तुमचा झिजलाय," ते म्हणाले. "तुमचे वडील कशानं गेले?"

"दारूनं."

"प्यायचे?"

"व्हय. झोकांड्या खायचा. बोलणं जड. हात असं हलायचं."

"पिताना तुम्ही बघितलंत?"

सुभेदारांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग म्हणाले, "न्हाई."

"घरात बाटली?"

"न्हाई."

"वास?"

काकींनी नवऱ्याकडं बघितलं. सुभेदारांची नजर आपल्या पॉलिश केलेल्या बुटांवर होती.

डॉक्टरांनी मग सावकाश समजावलं. हा रोग रक्तातून उतरतो. कुठल्यातरी एका जनुकात काही अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिली जातात, आणि चाळिशीच्या आसपास मेंदूच्या पेशी मरायला लागतात. असे काही प्रकार परदेशात ओळखले गेलेत. तुमचा कुठला, हे मला आज सांगता येणार नाही. औषध नाही. आणि, हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला, मुलांना तो उतरण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते.

सुभेदारांना एकच लेक. वैशाली. तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती.

बाहेर पडल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सुभेदार बसले. मला वाटलं, पाय गेले. त्यांनी माझा आधार झिडकारला. "बाई," ते म्हणाले, "माझा बा पीत नव्हता." रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत पुन्हा म्हणाले, "माझा बा पीत नव्हता, आन् मी त्याला दारुडा म्हनून जाळला. आई सांगत हुती. मी तिला खोटी पाडली." स्वतःच्या रोगाबद्दल त्या दिवशी ते एक शब्दही बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर कराडला गाडी थांबल्यावर काकी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वैशालीला ह्यातलं काय सांगायचं न्हाई. कुणालाच न्हाई."

"पण काकी, तिला कळायला हवं."

"काय करणार कळून? दारुड्याच्या लेकीचं लगीन हुतं, बाई. असला रोग असलेल्या घरातली पोर कोण करून घेतंय?"

मला त्यांना काहीतरी सुनावायचं होतं. पण काय? त्या खरं बोलत होत्या. मी ज्या लोकांत राहत होते, ज्यांच्या मुलांना शिकवत होते, त्यांचा हिशेब हाच होता. पिऊन बायकोला मारणारा जावई चालत होता. बापाचा मेंदू झिजलेली मुलगी चालणार नव्हती.

सुभेदारांनी तोंड पुढं करणं त्यानंतर बंद केलं. कॉलनीला वाटलं, हा आता निर्लज्ज झाला. चुन्याची रेघ फिकट होत गेली. कुणी अंगठा दाखवला तरी ते नुसते बघायचे. काकींच्या सांगण्यावरून ते लेकीसाठी गावाच्या तोंडी बेवडे राहायला तयार झाले होते. मला ते बघवत नसे.

पुढच्या वर्षी तासगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा सांगलीला बँकेत. पाहुणे यायच्या दिवशी मदतीला म्हणून काकींनी मला खाली बोलावलं. पाहुणे यायच्या आधीच सुभेदारांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं, उठायचं नाही अशी ताकीद देऊन. मुलगा, त्याचे आई-वडील आणि मामा आले. रामराम झाले. सुभेदारांचं जड बोलणं ऐकून मुलाचे वडील हसले.

"काय सुभेदार, दुपारीच?"

सुभेदारांच्या गालाची शीर उडाली. "चालायचंच," ते म्हणाले.

"लाजायचं काय त्यात! फौजी माणूस, घ्यायचाच. आमच्यातबी घेत्यात. आपलं काय म्हणणं न्हाई." केवढा मोठेपणा! मुलाची आईसुद्धा समजूतदारपणे हसली. काकी दाराशी उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. आत वैशाली पोह्यांच्या बश्या भरत होती.

मग मामा बोलले. "आमी चौकशी केलीया की. म्हाताऱ्याचंबी असंच हुतं म्हणं? झिंगून झिंगूनच गेला. म्हंजी घराण्याची परंपराच हाय!" आणि सगळे मोकळेपणानं हसले.

सुभेदार उठले. खुर्चीचा हात निसटला, भिंतीला धरलं, पण उभे राहिले.

"माझा बा पीत नव्हता."

"आवं, बसा," काकी म्हणाल्या.

"मला काय म्हनायचं त्ये म्हना. मी पितो म्हना, गटारात पडतो म्हना. पर त्यो पीत नव्हता. त्याला रोग हुता. त्योच रोग मला हाय, रक्तातनं आलाय. मी आयुष्यात थेंब घेतला न्हाई आन् त्यानंबी घेतला नव्हता. आमी दारुडं न्हाई. आजारी हाय. माझ्या पोरीलाबी हुईल का न्हाई, त्ये डॉक्टरलाबी सांगता येत न्हाई. आता करा काय करायचं त्ये."

स्वयंपाकघराच्या दारात वैशाली ट्रे घेऊन उभी होती. नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. तिनं सगळं ऐकलं होतं.

पाहुणे उठले. पोहे तसेच राहिले. मामा चपला घालताना म्हणाले, "बरं झालं, येळेवर कळलं." मुलाचे वडील जरा थांबले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं असं दिसलं. ते काकींना म्हणाले, "नुसती दारू असती तर काय नव्हतं हो."

हे वाक्य मी विसरलेली नाही. नुसती दारू असती तर.

ते गेल्यावर वैशालीनं ट्रे टेबलावर ठेवला. "अण्णा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या साली. सांगलीला."

"तुम्हाला, आईला आणि बाईंना." तिनं माझ्याकडंही बघितलं. "आणि मला त्या लोकांबरोबर कळलं." ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

काकी नवऱ्याला वाटेल ते बोलल्या. मग मीही बोलले. मला त्या दिवशी सुभेदारांचाही संताप आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. "जे सांगितलंत ते खरं होतं," मी म्हणाले. "पण ते आधी तिचं होतं. तिला विचारून, तिला सांगून, मग."

सुभेदार खाली बसले. "चुकलं," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला. "बाची बाजू घ्याय गेलो आन् पोरीची सोडली."

वैशाली बापाशी महिनाभर बोलली नाही. मग एके दिवशी बोलली, आणि लगेच भांडली, आणि त्या भांडणानं घर जरा मोकळं झालं. सुभेदारांना गावी जायचं होतं. एकट्यानं जाणं आता जमण्यासारखं नव्हतं. काकी म्हणाल्या, मी येत न्हाई. वैशाली म्हणाली, मी नेते. मलाही बरोबर यायला सांगितलं.

गावात त्यांच्या बापाच्या बरोबरीचा एकच म्हातारा उरला होता, शेजारच्या घरातला. तो पारावर बसला होता. सुभेदार काठी टेकत त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, माझा बा पीत नव्हता. त्येला रोग हुता. त्ये सांगाय आलोय."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून बघितलं. "पीत नव्हता त्ये मला ठावं हाय की."

सुभेदारांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. ते नुसतेच उभे.

"रोज माझ्या शेजारी तर बसायचा," म्हातारा म्हणाला. "वास कवाच आला न्हाई. तंबाखूबी खात नव्हता गडी."

"मग तुमीबी त्येला झिंग्या म्हनायचा की!"

"समदीच म्हनायची. मग मीबी म्हनायचो."

"मला का न्हाई सांगितलंसा? मी ल्हान हुतो. पोरं मला दगडं मारायची."

"कुनी इचारलं का मला?" म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात ना खेद होता ना लाज. पाऊस झाला की नाही हे सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

सुभेदारांच्या हातातली काठी वर गेली. वैशालीनं त्यांचं मनगट धरलं. एरवी कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे. त्या दिवशी त्यांनी सोडवून घेतला नाही. काठी खाली आली.

"मग आता म्हना," ते म्हणाले.

"काय म्हनू?"

"त्यो पीत नव्हता, म्हना."

"पीत नव्हता, बाबा."

"मोठ्यानं!" तो परेडचा आवाज होता. जिभेचा जडपणा असूनही अख्ख्या पाराला ऐकू गेला. विहिरीवरून घागरी घेऊन येणाऱ्या बायका थांबल्या, दुकानातला माणूस बाहेर आला. म्हातारा उठून उभा राहिला आणि फाटक्या आवाजात ओरडला, "त्यो पीत नव्हता!"

सुभेदार पाराच्या कडेला बसले आणि रडले. बाप मेला तेव्हा न आलेलं पाणी तेव्हा आलं. बायका बघत होत्या. मी म्हाताऱ्याकडं बघत होते. त्यानं डबीतून तंबाखू काढली आणि मळायला घेतली. वाटलं, त्याच्या हातातली ती डबी घेऊन लांब फेकून द्यावी. एक माणूस दारुडा म्हणून जगला आणि मेला, त्याची बायको खोटारडी ठरली, पोरगा गाव सोडून पळाला. याला सगळं ठाऊक होतं. आणि याला कुणी विचारलं नव्हतं.

नवं शतक लागल्यावर सांगलीच्या त्याच डॉक्टरांनी सुभेदारांचं रक्त बाहेर तपासणीला पाठवलं. तोवर सुभेदार अंथरुणाला खिळले होते. माझीही बदली झाली होती, पण मी येऊन-जाऊन होते. जनुक सापडलं. त्याला, आणि त्यावरून बनणाऱ्या प्रथिनालाही, टीबीपी म्हणतात. डॉक्टरांनी फोनवर नाव सांगितलं आणि मी ते त्यांना पुन्हा सांगायला लावलं. कारण ते नाव मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. पेशीला एखादं जनुक वाचायचं असतं, तेव्हा वाचन कुठून सुरू करायचं ती जागा आधी धरावी लागते. ती धरायला पहिल्यांदा जी प्रथिनं जातात, त्यांतलं हे एक. ते जाऊन बसतं, डीएनएच्या धाग्याला बाक देतं, मग बाकीची मंडळी जमतात आणि वाचन सुरू होतं. आपल्या प्रत्येक पेशीत, सदासर्वदा. याच प्रथिनाच्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा ओळीनं पुन्हा पुन्हा येतो. तो मर्यादेबाहेर वाढला की प्रथिनाच्या गुठळ्या होतात, आणि तोल जातो, वाचा जाते, शेवटी माणसं ओळखू येत नाहीत. वर्गात मी हे प्रथिन वाचन सुरू करून देणारं म्हणून शिकवत होते. ते माझ्या खोलीच्या बरोबर खाली एका माणसाला रेघेवरून ढकलत होतं.

डॉक्टर आणखी एक म्हणाले. चिडचिड, संशय, एकच गोष्ट धरून बसणं, हेही या रोगाचंच लक्षण असतं. त्यांना वाटलं, मला त्यानं बरं वाटेल. मला वाटलं नाही. त्यांच्या संतापात रोगाचा काही वाटा असेलही. पण ज्याला निर्दोष असून सबंध शहर बेवडा म्हणतं, त्यानं निरोगी मेंदूनं दुसरं काय करायला हवं होतं? चिडले ते रोगानं, असं असेल, तर आम्ही बाकीचे जे चिडलो नाही त्यांना काय झालं होतं?

सुभेदार एका हिवाळ्यात गेले. शेवटचे काही महिने ते मलाही ओळखत नव्हते. अंत्ययात्रेत कॉलनीतले झाडून सगळे होते. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "माणूस चांगला होता, पण दारूनं वाट लावली." मी मागं वळून त्या गृहस्थांना तिथल्या तिथं काय ते सुनावलं. मयताला आलेल्या बायकांनी असं बोलू नये म्हणतात. म्हणोत.

वैशालीला पुढं सांगलीत नोकरी लागली. ती तिथंच राहते, काकींना तिनं जवळ नेलंय. मी सांगलीला गेले की तिच्याकडं उतरते. अशाच एका भेटीत चहा ओतता ओतता ती म्हणाली, "बाई, मी तपासणी करून घेतली. निकाल कळला."

मी कप खाली ठेवला.

"विचारू नका," ती म्हणाली. "आईलाही सांगितलेलं नाही. एकदा माझं सगळं पाहुण्यांपुढं सांगून झालंय. आता हे माझं आहे."

"नाही विचारणार," मी म्हणाले, आणि विचारलं नाही. ती काम करते, भांडते, हसते. तिच्या चालण्याकडं मी बघत नाही. ठरवून बघत नाही.

मध्यंतरी साताऱ्यात एका लग्नात जुन्या कॉलनीतल्या एक बाई भेटल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी माझं कोपर धरलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "ते आपले सुभेदार होते ना, त्यांच्या पोरीचं काय? तिचंही सुरू झालं का हो?"

मी त्यांचा हात माझ्या कोपरावरून काढून त्यांच्या पर्सवर ठेवला.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आणि माहीत असतं, तरी तुमचा काय संबंध?"